बोथट सुई

पंधरावा रोजा उलटला की गावातल्या टेलरांच्या दुकानांवर एक पाटी लागते : ‘ईदच्या ऑर्डरी बंद’. पाटी लागली म्हणजे ऑर्डरी खरोखर बंद झाल्या असं कुणी समजत नाही. ती अनोळखी गिऱ्हाइकासाठी असते. ओळखीचा माणूस कापडाची पिशवी बगलेत मारून पाटीखालूनच आत शिरतो आणि म्हणतो, “मास्तर, एवढं एकच.” मास्तर मान हलवत नाही म्हणतात, आणि हात टेपकडे जातो. विसाव्या रोजापासून कारागीर दुकानातच सहरी करतात. चाँदरातीला मध्यरात्र उलटून गेली तरी शटर अर्धं वर असतं, इस्त्रीचा वाफारा बाहेर येत असतो आणि पायरीवर बसलेली दोन-चार पोरं आपापल्या कुर्त्याची वाट बघत पेंगत असतात. मिरजेसारख्या गावात वाढलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे, त्याच्या घरी ईद असो वा नसो.

दुकानाच्या मागच्या खोलीत काय चालतं, ते मात्र फार जणांनी पाहिलेलं नसतं. काजं तिथं होतात. तुरपाई तिथं होते. उरलेले दोरे कापून, बटणं लावून, घड्या घालून कपडे पुढे येतात ते त्या खोलीतून. पुढे बसणारा ‘मास्तर’ होतो. मागे बसणाऱ्या बायकांना मास्तरांची बायको, मास्तरांची बहीण, मास्तरांची मुलगी एवढीच ओळख मिळते.

मिरजेच्या एका जुन्या पेठेतल्या अशाच एका ‘मास्तरांच्या मुली’ला आता सगळी गल्ली ‘खाला’ म्हणते. गल्लीतल्या हिंदू घरांतली पोरंसुद्धा खालाच म्हणतात. वय पासष्टीच्या पुढे. खिडकीखाली त्यांचं पायाचं मशीन आहे, काळं, उषा कंपनीचं. त्यावरची सोनेरी वेलबुट्टी एका बाजूला शाबूत आहे. दुसऱ्या बाजूला, जिथे शिवताना डावं मनगट टेकतं, तिथे ती पुसून नुसतं काळं लोखंड उरलं आहे. ही झीज दोन पिढ्यांची आहे. आधी अब्बांच्या मनगटाची, मग त्यांच्या.

त्या मशीनवर बसायला त्या शिकल्या 1972 च्या रमजानमध्ये.

ते वर्ष महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. दुष्काळ. जत, आटपाडी, कवठे महांकाळकडची माणसं खडी फोडायच्या कामावर होती, पोरांना सुकडी मिळत होती. त्यात त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. लक्ष्मीपूजन 5 नोव्हेंबरला झालं आणि दोन-तीन दिवसांत ईद. हा योग अधूनमधून येतोच. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण 354 दिवसांचं, त्याला अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि बत्तीस-तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा तिथेच येतो. ज्या वर्षी तो आश्विनाच्या आसपास पडतो, त्या वर्षी दिवाळीची अमावास्या आणि ईदचा चाँद एकमेकांना चिकटून येतात. भाऊबीजेच्या आसपास पश्चिमेला जी कोर दिसते, तीच ईदची. शिंप्याच्या घरी अशा वर्षाची वाटही बघतात आणि धास्तीही घेतात.

त्या वर्षी मात्र धास्ती वेगळीच होती. गिऱ्हाईक होतं, कापड नव्हतं. कंट्रोलचं कापड मिळालं तर मिळालं. लोक जुनेच कपडे घेऊन येत. आईच्या लुगड्याचा मुलीला परकर, थोरल्याची विजार धाकट्याला, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे कॉलर उलटवणं. आजच्या पोरांना हे सांगितलं तर गंमत वाटते. सदऱ्याची कॉलर दुमडीवर झिजून फाटते, पण तिची आतली बाजू धड असते. कॉलर पट्टीपासून उसवायची, उलटी करायची आणि पुन्हा त्याच पट्टीत बसवून टीप मारायची. सदरा अजून दोन वर्षं चालतो. मजुरी थोडी आणि काम किचकट. अब्बांच्या दुकानात त्या महिन्यात अशा सदऱ्यांचा ढीग पडला होता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशीनं. एकावर अब्बा, दुसऱ्यावर थोरला भाऊ. भाऊ तेव्हा सोळा वर्षांचा, त्याला शाळेतून काढून रीतसर कामाला बसवलं होतं. खाला बारा वर्षांच्या. त्यांच्या वाट्याला काजं आणि तुरपाई. मुलीने मशीनवर बसायचं नाही असा कुणी हुकूम काढला नव्हता. पण मशीन कधी रिकामंच नसे, आणि रिकामं असलं की भावाचं असे.

रमजानमध्ये मात्र रोज रात्री ते सव्वा तास रिकामं राहू लागलं.

रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर रमजानमध्ये तरावीहची नमाज होते. इमामामागे उभं राहून महिनाभरात सगळं कुरआन ऐकायचं असतं. अब्बा आणि भाऊ मशिदीत जात. घरात अम्मी आणि दादी आपली नमाज आतल्या खोलीत पढत. पुढच्या खोलीत चाळीसचा दिवा जळत राही, कारण परतल्यावर पुन्हा कामाला बसायचंच असे. पहिल्या काही रात्री खाला मशीनजवळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग एका रात्री दादीची नमाज लवकर आटोपली आणि ती दारात येऊन उभी राहिली. दादीला स्वतःला हाताच्या मशीनवर शिवता येत होतं. तिने वरचा दोरा काढून टाकला, खालची बॉबिन काढली, वहीचं एक रेघांचं पान फाडून दाब्याखाली ठेवलं आणि म्हणाली, “धागा नक्को. पहले पाँव सीख.”

पायाच्या मशीनवर शिकायची पहिली गोष्ट पायच. ज्यांनी शिकलं आहे त्यांना ते दिवस आठवत असतील. हाताने वरचं चाक आपल्याकडे फिरवून सुरुवात करायची आणि लगेच पायाने ती गती उचलायची; टाच आणि चवडा, टाच आणि चवडा. पाय जरा उशिरा पडला की चाक उलटं फिरतं. उलटं फिरलं की दोरा तुटतो किंवा खाली गुंतून बसतो. नवशिक्याचं मशीन पुढे कमी आणि मागे जास्त जातं. चामड्याची वादी चाकावरून निसटते, ती चढवताना बोटाला तेल लागतं, ते तेल कापडाला लागतं. म्हणून आधी कागद. बिनदोऱ्याची सुई कागदावर टिंबं टिंबं पाडत जाते आणि रेघ सोडली की लगेच दिसतं. पहिल्या आठवड्यात खालांची टिंबं वहीच्या रेघांवरून ओढ्यासारखी वळत गेली. दुसऱ्या आठवड्यात ती रेघेवर आली. मग दादीने कागदावर वाटी उपडी ठेवून गोल काढून दिले. गोलावर शिवणं म्हणजे पाय मंद ठेवून हाताने कागद वळवणं. गळा आणि मुंढा शिवायची ती तयारी. वह्या संपल्यावर रद्दी पेपर आले. दुष्काळाच्या बातम्यांवर सुईची नक्षी पडत गेली.

सोळाव्या की सतराव्या रोजाला अब्बांना कळलं. कुणी सांगितलं नाही, सुईने सांगितलं. कागदाने सुई बोथट होते. दुपारी टेरिकॉटवर टीप मारताना टक् टक् आवाज यायला लागला, कापड ओढलं जाऊ लागलं. अब्बांनी सुई काढली, अंगठ्याच्या नखावर टोक फिरवून पाहिलं, नवी लावली. संध्याकाळी पुन्हा तेच झालं तेव्हा त्यांनी मशीनच्या खणात हात घातला, आणि चिंध्यांखाली दडवलेले कागद निघाले.

खाला आत काजं करत बसल्या होत्या. आता ओरडा बसणार म्हणून त्यांनी मानही वर केली नाही. अब्बा कागद दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत राहिले. भोकांतून उजेड येत होता. मग त्यांनी ते घडी घालून परत खणात ठेवले आणि इफ्तारच्या खजुरीसाठी उठले. दुसऱ्या दिवशी तरावीहला निघताना त्यांनी मशीनच्या पाटावर एक कागदी पुडी ठेवली. पुडीत जुन्या, टोक गेलेल्या दोन सुया होत्या. “कागज को ये लगाना,” एवढंच म्हणाले. पुडीशेजारी एक उसवलेली कॉलर होती, आणि दोरा भरलेली बॉबिन.

भाऊ हे बघत होता. तो काही बोलला नाही.

*

शिवणयंत्राचा इतिहास सांगताना एलियास हाव यांचं 1846 चं पेटंट आणि आयझॅक सिंगर यांचं 1851 चं पेटंट यांची नावं येतात. दोघे अमेरिकेतले. सुईचं भोक टोकाजवळ आणणं आणि खालच्या दुसऱ्या दोऱ्याने टाका बांधणं, ही सगळी करामत. सिंगरच्या मशीनला पायटा आला आणि शिवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे झाले. हाताच्या मशीनवर एक हात चाकाला अडकतो, उरलेल्या एका हाताने कापड सांभाळावं लागतं. पायाने हा प्रश्न सोडवला. हे मशीन आपल्याकडे रुजवलं ते हप्त्यांनी. एकदम पैसे मोजणं शिंप्याला शक्य नव्हतं; हप्त्यावर मिळालं म्हणून ते गल्लीबोळात पोचलं. सिंगर कंपनीचा इथला कारभार बरीच वर्षं मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होता. पुढे 1930 च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंगने देशी मशीन काढलं. मालक लाला श्रीराम यांनी त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं, उषा. घराघरातल्या त्या काळ्या मशीनवरचं नाव एका मुलीचं आहे, हे शिवणाऱ्या कित्येकींना माहीत नसतं.

यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली एका संभाषणात सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणकामाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने हे यंत्र केलं, त्यामागे प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. सिंगरसाहेबांचं खरं घरगुती आयुष्य पाहता ही गोष्ट जरा गोड करून सांगितलेली दिसते. पण ते असो, अपवाद योग्य यंत्राचा झाला.

शिवणकामाला आपल्याकडे दोन्ही बाजूंनी मान आहे. इस्लामी परंपरेत सुईने कपडा शिवण्याची सुरुवात हजरत इदरीस यांनी केली असं मानतात. पैगंबर साहेब आपले कपडे स्वतः सांधत, असं हजरत आयेशा यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये आहे. इकडे संत नामदेव शिंप्याच्या घरचे. त्यांच्या पदांत कात्री, गज, सुई-दोरा येतो. मानाचं हे असं. मजुरीचं मात्र दोन्हीकडे सारखंच, ‘जरा कमी करा की मास्तर’.

*

कॉलर उलटवण्याचं काम हा शिकायला फार चांगला धडा होता, असं खाला सांगतात. नवं कापड असतं तर त्यांना कुणी हात लावू दिला नसता. जुन्या कपड्यात आधी उसवावं लागतं. उसवताना कळतं की आधीच्याने कुठून सुरुवात केली, कुठे उलट टीप मारली, बक्रम कसा घातला, कुठे आळस केला. अब्बांची शिलाई उसवायला वेळ लागे. काही दुकानांची शिलाई एका टोकाला ओढली की सरसर निघे. त्या महिन्यात गावातल्या सगळ्या टेलरांचे हात त्यांनी असे उसवून पाहिले.

दुसरी गोष्ट गुंत्याची. खाली दोऱ्याचा गुंता झाला की नवशिका बॉबिनशी झटापट करतो. बहुतेक वेळा चूक वर असते. वरचा दोरा ताणाच्या तबकड्यांमध्ये नीट बसलेला नसतो. हे कळायला त्यांना चार रात्री आणि दीड रीळ लागलं. रमजानची एक अडचण आणखी होती. एरवी सुईत दोरा ओवताना टोक ओठांत ओलं करायची आणि शिवण झाली की दोरा दाताने तोडायची शिंप्याच्या घरात सगळ्यांनाच सवय. रोजात अब्बा ते करू देत नसत. मशीनच्या खणात मेणाचा एक तुकडा असे. टोक मेणावर घासायचं, बोटांत पिळायचं आणि ओवायचं. आजही खालांच्या मशीनच्या खणात मेण असतं, बाराही महिने.

पंचविसाव्या रोजाच्या सुमाराला शेजारच्या काकू आल्या. धाकट्या मुलीला दिवाळीला खणाचं पोलकं हवं होतं. घरात एकच खण होता, कुणीतरी ओटीत दिलेला. अब्बांनी बेतायला घेतलं आणि मधेच एक गिऱ्हाईक आलं. गळा आणि पाठ बेतून झाली होती. ‘बाह्या तू काप,’ असं त्यांनी खालांना सांगितलं. पहिल्यांदाच. खालांनी कागदाचा नमुना ठेवला, खडूने आखलं, एक बाही कापली. नमुना तसाच उचलून शेजारी ठेवला आणि दुसरी कापली. नमुना उलटा करायचा राहिला. रात्री जोडायला घेतल्यावर दिसलं, दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या.

खणाची सुलट आणि उलट बाजू वेगळी असते. दुसरी बाही उलटी करून लावता येत नाही. पोलक्यापुरताच असलेला खण. दुष्काळाचं साल. पेठेत तसल्या रंगाचा खण मिळेलच असं नाही, मिळाला तरी पैसे कुणाचे? त्या रात्री खालांनी पहिल्यांदा मशीन बंद करून रडून घेतलं. अब्बा तरावीहहून आले. त्यांनी दोन्ही बाह्या पाटावर शेजारी ठेवल्या, फिरवून पाहिल्या. कात्रीला हात लावला नाही. “कितना कम पड्या, देख,” म्हणाले. मोजल्यावर बगलेत दीड बोट कमी पडत होतं. कतरणीच्या पिशवीतून खणाच्या काठाचा वीतभर तुकडा निघाला. त्याची तिकोनी कळी कापून बगलेत जोड दिला. हात खाली असला की दिसत नव्हता, वर केला की काठाची लाल रेघ चमकायची. उसवण्यापासून जोड देण्यापर्यंत सगळं खालांकडून करून घेतलं. रात्रीचे साडेबारा झाले होते.

सकाळी अब्बा स्वतः पोलकं घेऊन काकूंकडे गेले आणि चूक सांगितली. चूक कुणाची ते सांगितलं नाही; “मेरे दुकान में हुई,” म्हणाले. शिलाई घेतली नाही. काकूंनी पोलकं उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसून म्हणाल्या, आता माझी पोर हात वर करून नाचेल, लाल रेघ दाखवायला. आणि पोरगी खरंच नाचली, ओवाळणीच्या वेळी. ईदच्या दिवशी काकूंकडून वाटीभर साखर आली. त्या साली साखर देणं सोपं नव्हतं. त्या साखरेचा शीरखुर्मा पुन्हा त्यांच्याकडे गेला.

खालांच्या स्वतःच्या अंगावर त्या ईदला अम्मीच्या जुन्या ओढणीचा कुर्ता होता. तो त्यांनी शिवला होता. बाह्या बरोबर होत्या.

*

पुढची गोष्ट फारशी वेगळी नाही. लग्न गावातच झालं. नवरा एका कारखान्यात होता, कारखाना बंद पडला. तेव्हा अब्बांनी एक दिवस हातगाडीवर आपलं मशीन घालून मुलीच्या घरी पाठवून दिलं. दुकानात तोवर भावाने मोटरची मशीनं आणली होती, पायाचं कोपऱ्यात होतं. अब्बांनी दोन माणसांसमोर सांगितलं की हे मी माझ्या हयातीत मुलीला दिलं. वारशात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा. पण बापाने हयातीत हातात दिलेली भेट वाट्यात येत नाही, हे मशिदीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. भावालाही ठाऊक होतं. तरी अब्बा गेल्यावर त्याने विषय काढला. ते दुकानाचं पहिलं मशीन, दुकानाची बरकत त्यात, ते दुकानात हवं. पैशाचा प्रश्न नव्हताच. मोडीत ते शे-दोनशेलाही गेलं नसतं.

खालांनी दिलं नाही. त्यावर घर चालत होतं. दिवसाला चार परकर, सहा झबली, कुणाचा बाळंतविडा, शाळेचे गणवेश, पडद्यांच्या दुमडी. नवऱ्याच्या आजारपणात आणि तो गेल्यावर दोन मुलं त्यावर शिकली. बहीण-भावाचं बोलणं बंद झालं ते सात वर्षं. ईदला मुलं मामाकडे जाऊन सलाम करून यायची, ईदी घेऊन यायची. खाला जात नसत, भाऊ येत नसे. दोन गल्ल्यांचं अंतर.

मग 2005 आलं. तेहतीस वर्षांचं चक्र फिरून पुन्हा दिवाळी आणि ईद एका आठवड्यात. 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, 5 तारखेला ईद. या खेपेला लोकांकडे कापडही होतं आणि पैसेही. नव्हती ती वीज. भारनियमनाची ती वर्षं सगळ्यांनीच भोगली आहेत. तासन्‌तास अंधार, आणि कधी येईल-जाईल याचा नेम नाही. भावाच्या दुकानात तोवर पाच मशीनं होती, पाचही मोटरची. जनरेटर घेण्याइतका धंदा मोठा नव्हता. ढीग कमरेएवढा चढला आणि कारागीर मेणबत्तीच्या उजेडात हात बांधून बसले.

सव्विसाव्या रोजाला, तरावीह सुटल्यावर, खालांचं दार वाजलं. भाऊ उभा होता. खांद्यावर चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं. सात वर्षांनी समोरासमोर आल्यावर माणसं काय बोलतात? तो म्हणाला, “लाइट नहीं है.” खाला बाजूला झाल्या. गाठोडं जमिनीवर सोडलं. बेतून तयार असलेले कुर्ते, सलवारी, आणि त्यात चार-पाच परकर-पोलकीही. दिवाळी आधी होती.

कंदील मशीनच्या पाटावर ठेवला आणि खाला बसल्या. भावाला जायला हवं होतं, तो गेला नाही. इकडे तिकडे बघितलं. मग शिवून झालेला पहिला कुर्ता त्याने उचलला, सुई मागितली, मेणावर दोरा ओढला आणि भिंतीला टेकून काजं करायला लागला. मास्तर होऊन त्याला तीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत काज त्याने स्वतः केलं नव्हतं. पहिली दोन वेडीवाकडी झाली. खालांनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, कात्री पुढे सरकवली. त्याने उसवून पुन्हा केली. सहरीच्या हाकेपर्यंत दोघे बसले होते. असं काही रात्री चाललं.

मशीनचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही, नंतरही नाही. फक्त जाताना एका पहाटे भावाने वाकून वादी तपासली, दाबून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी नवी वादी आणून चढवून दिली.

*

आता भाऊही नाही. दुकान भाचा चालवतो, तयार कपड्यांचं आहे. ईदचे कुर्ते बंद पाकिटात येतात, मापाच्या जागी एक अक्षर असतं. पायाची मशीनं मोडीत निघाली. मध्यंतरी एक माणूस खालांकडे आला होता. त्याला खालचा बिडाचा सांगाडा हवा होता. वर फरशी टाकून कॉफीच्या दुकानात टेबल करतात म्हणे. वरचं मशीन तुम्ही ठेवा, म्हणाला. पैसे बरे देत होता. खालांनी त्याला चहा दिला असता, पण रोजे चालू होते. मग म्हणाल्या, पाय काढून घेतल्यावर वरच्याने चालायचं कशावर? आणि दार लावून घेतलं.

त्यांच्याकडे अजून मुली शिकायला येतात. पूर्वीइतक्या नाहीत, सात-आठ. परवा बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली एक आहे, एक नवं लग्न होऊन आलेली सून आहे, एक गणेश तलावाकडून सायकलवर येते. फोनवर बघून ब्लाउज बेतायला त्यांना येतं. टीप सरळ येत नाही. खाला पहिले आठ दिवस दोरा देत नाहीत. कागद देतात, आणि खणातली पुडी उघडून त्यातली बोथट सुई.

या रमजानमध्ये नातीने हट्ट धरला. ती अकरा वर्षांची. घरात मोटरचं छोटं मशीन आहे, मुलाने आणून दिलेलं. पण तिला खिडकीखालचं हवं. घरातले पुरुष तरावीहला गेले होते. खालांनी आपली नमाज संपवली, जानमाजची घडी केली आणि पुढच्या खोलीत आल्या. नात स्टुलावर बसली होती, पाय पायट्याला जेमतेम टेकत होते. तिने चाक फिरवलं, पाय दाबला, चाक उलटं गेलं आणि वादी खाली निसटली. तिने घाबरून आजीकडे पाहिलं.

“तेल लगा क्या कपड़े को?” खालांनी विचारलं.

“नहीं दादी. कपड़ा हैच नहीं. कागज है.”

“फिर चढा वादी. चाक अपने तरफ.”